दाना ओलीतलं घर, चार राज्यांतले वारस : दलालामार्फत भाव ठरवताना काय पाहायचं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओलीसारख्या जुन्या पेठेत आजोबांनी घेतलेलं घर आहे. एक भाऊ तिथेच राहतो, एक पुण्यात आहे, बहीण बेळगावात दिलेली आहे आणि पुतण्या परदेशात. घराची डागडुजी होत नाही, खाली जुना भाडेकरू आहे आणि एके दिवशी दलालाचा फोन येतो, "एक पार्टी है, बैठ के बात कर लो." तिथून पुढे काय करायचं, हे मात्र घरात कोणालाच नीट ठाऊक नसतं.

अशी घरं ग्वाल्हेरातच आहेत असं नाही. इंदूर, उज्जैन, बडोदा, बुऱ्हाणपूर, बेळगाव, निपाणी, बीदर, सगळीकडे मराठी कुटुंबांची जुनी घरं आहेत आणि वारस राज्याराज्यांत पांगलेले आहेत. म्हणून दाना ओलीचं उदाहरण समोर ठेवून विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही उपयोगाची माहिती इथे एकत्र देत आहोत.

ओली, गोठ आणि बाडा

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून येऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या लष्करी तळाचंच पुढे शहर झालं आणि नाव राहिलं ते लष्कर. सरदार, कारकून, पुजारी, सराफ आणि व्यापारी यांची वस्ती इथे वाढली. आजही निंबाळकरांची गोठ, चिटणिसांची गोठ, फालके बाजार, महाराज बाडा ही नावं चालू आहेत. ओली म्हणजे आपली ओळ. नागपूरच्या इतवारीत सराफा ओळी आहे, तशी इथे दाना ओली. नावातच धान्याच्या दुकानांची रांग दिसते.

अशा पेठेतल्या घराची एक ठरावीक रचना असते. समोर अरुंद, आत खोल, खाली दुकान किंवा भाडेकरू, वर राहतं घर, शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. नव्या वसाहतीतल्या फ्लॅटसारखा त्याला 'इतके रुपये फूट' असा सरळ भाव लागत नाही. भाव बोलण्याची कला इथे जास्त लागते ती याच कारणाने.

मागितलेला भाव हा भाव नसतो

दलाल पहिल्यांदा जो आकडा सांगतो ती मागणी असते. त्यात विकणाऱ्याची इच्छा असते, दलालाने ठेवलेली घासाघीस करायची जागा असते आणि कधी कधी शेजारच्या घराबद्दल ऐकलेली अफवाही असते. तरीही हा आकडा निरुपद्रवी नाही. एकदा कानावर पडला की पुढचं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरतं.

याचा एक जुना पुरावा आहे. नॉर्थक्राफ्ट आणि नील या अभ्यासकांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एकच घर वेगवेगळ्या लोकांना दाखवलं, पण प्रत्येक गटाला मागणीचा आकडा वेगळा सांगितला. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांनी घराची किंमतही जास्त लावली. गंमत म्हणजे त्यात धंद्यात मुरलेले एजंटही होते, आणि आपल्यावर त्या आकड्याचा परिणाम झाला असं मान्य करायला ते तयार नव्हते.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. मागणी ऐकण्याआधी स्वतःचा आकडा काढा आणि कागदावर लिहून ठेवा. नंतर काढलेला आकडा हा नकळत समोरच्याच्या आकड्यातून वजाबाकी केलेला असतो.

स्वतःचा आकडा कसा काढायचा

पहिली पायरी सरकारी दराची. मध्य प्रदेशात त्याला 'कलेक्टर गाइडलाइन' म्हणतात, महाराष्ट्रात आपण 'रेडी रेकनर' म्हणतो, गुजरातेत 'जंत्री' आणि कर्नाटकात 'गाइडन्स व्हॅल्यू'. मुद्रांक शुल्क या दराने येणारी किंमत किंवा प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर भरावं लागतं.

इथे एक गोष्ट नेहमी घोटाळा करते. गाइडलाइनचा दर चौरस मीटरचा असतो आणि दलाल बोलतो चौरस फुटात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा दर मीटरला ६०,००० रुपये आहे, तर फुटाला तो सुमारे ५,५७४ रुपये झाला. ९०० चौरस फुटांची जागा म्हणजे ८३.६ चौरस मीटर, आणि तिची जमिनीची सरकारी किंमत सुमारे ५० लाख १७ हजार. (हे आणि पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, दाना ओलीचे चालू दर म्हणून नाहीत.) बांधकामाची किंमत वेगळी धरतात आणि जुन्या बांधकामाला घसारा मिळतो.

दुसरी पायरी आजूबाजूच्या व्यवहारांची. त्याच गल्लीत गेल्या वर्ष-दोन वर्षांत किती रजिस्ट्र्या झाल्या, कितीला झाल्या, हे विचारा. एका दलालाला विचारून थांबू नका. किराणावाला, शेजारी, दस्त लिहून देणारा सेवा प्रदाता, बँकेचा मूल्यांकन करणारा, अशा तीन-चार ठिकाणी विचारा. मुख्य रस्त्यावरचं दुकान आणि आतल्या बोळातलं घर यांचा भाव एक नसतो. दारापर्यंत चारचाकी येते की नाही, एवढ्यावरही आकडा हलतो.

तिसरी पायरी वजाबाकीची. भाव खाली आणणाऱ्या गोष्टी अशा :

- खाली जुना भाडेकरू आहे. मध्य प्रदेशात स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ लागू होतो आणि भाडेकरूला काढायला कायद्यात दिलेलंच कारण लागतं. 'रजिस्ट्री झाल्यावर तो जाईल' हे वाक्य भावात धरू नका. तो आधी गेला तर एक भाव, राहिला तर दुसरा, असे दोन आकडे काढा.
- भिंत सामाईक आहे. पाडून नवं बांधायचं असेल तर शेजाऱ्याशी बोलणं आलंच.
- जागा नजूलची आहे का, म्हणजे सरकारी मालकीची आणि पट्ट्याने दिलेली आहे का, ते पाहा. देवळाला लागून असलेल्या घरांबाबत माफी-औकाफचा प्रश्न आहे का, तेही विचारा. संस्थानी काळातल्या देवस्थानांच्या जमिनी या नावाखाली येतात.
- नगर निगमचा मालमत्ता कर आणि पाणीपट्टी किती थकली आहे.
- नामांतरण झालेलं नाही, घर अजून आजोबांच्याच नावावर आहे.

जुन्या घरांत कधी कधी मोडीतले कागदही निघतात. ते रद्दी समजून टाकू नका आणि न वाचता वकिलाच्या फाइलीतही घालू नका. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. हिस्सा, वाटणी किंवा जिन्याच्या वापराचा हक्क अशा कागदात लिहिलेला असू शकतो.

दलाल नेमका कोणाचा?

दलाल वाईट असतो असं अजिबात नाही. पांगलेल्या वारसांना गिऱ्हाईक मिळवून देणं, दहा जणांना घर दाखवणं, रुसलेल्या दोन्ही बाजूंना पुन्हा बसवणं ही कामं तोच करतो. पण त्याचा हिशेब तुमच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे, हे लक्षात असू द्या.

समजा दलाली १ टक्का आहे. भाव ७० लाखांऐवजी ७२ लाख मिळाला तर तुम्हाला २ लाख जास्त मिळतात आणि त्याला २ हजार. त्या २ हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने हेलपाटे का घालावेत? म्हणून "आलंय गिऱ्हाईक, देऊन टाका" हा सल्ला त्याच्या बाजूने बरोबर असतो. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी २००८ मध्ये शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्र्यांचा अभ्यास छापला. एजंटांनी स्वतःची घरं विकली तेव्हा ती सरासरी ९.५ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि किंमत सुमारे ३.७ टक्के जास्त मिळवली. स्वतःच्या घरासाठी तेही थांबले.

दलालाशी पहिल्याच बैठकीत पाच गोष्टी ठरवा आणि मेसेजवर का होईना, लिहून घ्या :

१. दलाली किती टक्के, आणि ती दोन्ही बाजूंकडून घेणार का?
२. दलाली कधी द्यायची? बयाण्याला काही भाग दिला तरी मोठा भाग खरेदीखताच्या दिवशी, असं ठेवणं बरं.
३. घर फक्त त्यालाच दिलं आहे का, आणि किती महिन्यांसाठी?
४. आलेली प्रत्येक ऑफर, लहान असली तरी, तो कळवणार का?
५. तो स्वतः किंवा त्याचा नातेवाईक घर घेणार असेल तर आधी सांगणार का?

शेवटचा मुद्दा भारतीय करार कायद्यातही आहे. मालकाला न सांगता दलाल स्वतःच्याच फायद्यासाठी व्यवहार करत असेल, तर मालकाला तो नाकारण्याचा किंवा त्या फायद्यावर दावा सांगण्याचा मार्ग मिळतो.

'तुम्हाला इतके मिळतील, वरचे माझे' असा सौदा मात्र टाळा. एकदा हे मान्य केलं की घर कितीला गेलं हे तुम्हाला कळतच नाही, आणि वरची रक्कम बहुधा रोखीत फिरते.

रेराबद्दल एक गैरसमज आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटची नोंदणी सांगितली आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. दाना ओलीतलं जुनं घर विकणाऱ्या दलालाला तो नियम तसाच लागू होत नाही. तरीही नोंदणी असलेला एजंट मिळाला तर चांगलंच, कारण त्याच्याविरुद्ध तक्रार करायला निदान एक पत्ता असतो.

घेणाऱ्याने हिशेब उलटा करावा

खिशात ८० लाख आहेत म्हणजे ८० लाखांचं घर घेता येतं, असं नाही. समजा मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च १२ टक्के धरला, दलाली १ टक्का आणि दुरुस्तीला ६ लाख. आता ६५ लाखांच्या घराचा हिशेब पाहा. ६५ लाखांवर १३ टक्के म्हणजे ८ लाख ४५ हजार. त्यात दुरुस्तीचे ६ लाख मिळवले की एकूण ७९ लाख ४५ हजार. म्हणजे ८० लाखवाल्याची वरची मर्यादा ६५ लाख आहे.

महाराष्ट्रातून येणारे इथे हमखास चुकतात. महाराष्ट्रात नोंदणी फी १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार रुपये असते, तोच अंदाज ते मध्य प्रदेशाला लावतात. मध्य प्रदेशात नोंदणीचा एकूण खर्च महाराष्ट्रापेक्षा बराच जास्त पडतो. स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर दोन्ही राज्यांत सवलत आहे, पण तिचं प्रमाण आणि अटी वेगळ्या आहेत. चालू दर 'संपदा' पोर्टलवर पाहून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे 'संपदा २.०' चालू आहे.

ऑफर कशी द्यायची

ऑफर देताना नुसता आकडा देऊ नका. आकड्याबरोबर कारण आणि अट द्या. दलालाला पाठवायच्या मेसेजचा एक नमुना :

"घर पाहिलं. आम्ही ६० लाखांपर्यंत तयार आहोत. छप्पर आणि जिना नव्याने करावा लागेल, शिवाय खालचा भाडेकरू आहे, ते धरून हा आकडा आहे. सर्व वारसांच्या सह्या, नामांतरण आणि वकिलाचा सर्च बरोबर असेल तर ९० दिवसांत रजिस्ट्री करू. पैसे बँकेतूनच. ही ऑफर १५ तारखेपर्यंत आहे."

यात समोरच्याला चार गोष्टी कळतात. तुम्ही खरे गिऱ्हाईक आहात, आकडा हवेतला नाही, कागद पाहिल्याशिवाय तुम्ही पुढे जाणार नाही, आणि थांबण्यालाही मुदत आहे. शेवटी ६५ पर्यंत जायची तयारी असली तरी ती दलालाला सांगू नका. "तुमचं शेवटचं सांगा, मी जमवतो" असं तो म्हणेलच. शेवटचा आकडा दलालाच्या कानात गेला की तो समोरच्याच्या कानात गेलाच समजा.

पुढे वाढवताना प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान ठेवा. ६० वरून ६३, मग ६४, मग ६४ लाख ५० हजार. पायऱ्या लहान होत गेल्या की समोरच्याला आपोआप कळतं, आता फार उरलेलं नाही. आणि पैशात जमत नसेल तर दुसऱ्या गोष्टीत जमवा. विकणाऱ्याला मुलीच्या लग्नापर्यंत घरात राहायचं असेल तर ताबा तीन महिने उशिरा घ्या. थकलेला कर तुम्ही भरा. जुनं लाकडी देवघर त्यांना घेऊन जाऊ द्या. जुन्या घरात अशा गोष्टींची किंमत लाखात नसते, पण त्यावरून सौदे होतात आणि मोडतातही.

कायद्याची एक बारीक गोष्ट. ६० ची ऑफर आली आणि विकणारा म्हणाला "७० द्या", तर तो ६० चा स्वीकार नाही, ती नवी ऑफर झाली. दोन आठवड्यांनी "बरं, ६० ला घ्या" म्हटलं तर घेणारा बांधील नसतो. म्हणून तोंडून आकडा काढण्याआधी विचार करा, मग तुम्ही कोणत्याही बाजूचे असा.

विकणाऱ्याने आधी घरातलं ठरवावं

दलालाने पार्टी आणल्यावर घरातली चर्चा सुरू झाली तर उशीर झालेला असतो. घेणाऱ्याला फूट दिसते आणि तो एकेकाशी वेगळं बोलू लागतो.

वारस कोण, हे आधी पक्कं करा. बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीने (९ सप्टेंबर २००५ पासून) हिंदू वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वडिलांची स्वतःची कमाई असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरीही विधवा आई, मुलगे आणि मुली सारख्याच वारस. "तिचं लग्न झालंय, तिची सही कशाला" असं म्हणून केलेला व्यवहार पुढे कोर्टात अडकतो.

एकट्या भावाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला तर? राहत्या घराच्या बाबतीत बाहेरच्या खरेदीदाराला बाकीच्यांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही, त्याला वाटणीचा दावाच लावावा लागतो. शिवाय हिंदू वारसा कायद्याने सहवारसाला तो हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क दिला आहे. म्हणून एकट्याच्या हिश्श्याला बाजारात भाव फार कमी येतो. सगळे मिळून विकलं तर प्रत्येकाच्या पदरात जास्त पडतं. घरातल्या भांडणात ही एक गोष्ट सगळ्यांना पटवून द्यायला हरकत नाही.

परदेशातला हिस्सेदार येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र लागतं. तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टिल करून ते पाठवावं आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. मात्र नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकत घेणं' म्हणजे मालकी मिळणं नव्हे. २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने हे पक्कं केलं आहे.

मग सगळ्यांनी फोनवर बसून तीन आकडे ठरवा : मागायचा, समाधानाचा आणि याच्या खाली नाही असा. आणि बोलणारा एकच नेमा. तिघं बोलले की तीन भाव होतात.

हातात किती उरणार?

घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो. हिस्सेदार अनेक असले आणि प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत असला तरी एकूण किंमत पाहिली जाते. प्रत्येकाच्या पॅनवर कपात वेगळी दाखवावी लागते. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. परदेशात राहणाऱ्या हिस्सेदाराच्या वाट्याला मात्र हा १ टक्क्याचा नियम नाही. तिथे ५० लाखांची मर्यादा नसते आणि कपात बऱ्याच जास्त दराने होते. हे शेवटच्या दिवशी कळलं की सौदा अडतो, म्हणून भाव बोलतानाच सांगून टाका.

नफ्यावरचा कर वेगळा. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घराला त्या तारखेची बाजारभावाची किंमत (त्या दिवशीच्या सरकारी किमतीच्या मर्यादेत) मूळ किंमत म्हणून धरता येते. आजोबांनी घर काही हजारांत घेतलं असेल तरी सगळा पैसा नफा ठरत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन पर्यायांतून कमी कर येणारा निवडता येतो : महागाईची वाढ न धरता १२.५ टक्के किंवा ती धरून २० टक्के.

भाव गाइडलाइनच्या खाली गेला तर

जुन्या बोळातल्या घराला कधी कधी सरकारी दराइतकाही भाव येत नाही. समजा सरकारी किंमत ६२ लाख आहे. सौदा ६० लाखांत झाला तर आयकरात अडचण नाही, कारण १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. सौदा ५५ लाखांत झाला तर १० टक्के वाढवूनही ६० लाख ५० हजारच होतात, म्हणजे ६२ च्या खाली. अशा वेळी विकणाऱ्याला घर ६२ लाखांना विकलं असं धरून कर लागतो आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही फरकाचे ७ लाख धरले जातात. मुद्रांक शुल्क तर ६२ लाखांवरच. विकणाऱ्याला आयकर खात्याकडे मूल्यांकन अधिकाऱ्याची मागणी करता येते, पण तो वेळखाऊ मार्ग आहे.

गाइडलाइन साधारण १ एप्रिलला बदलते. बयाण्याचा काही भाग बँकेतून देऊन करार आधी झाला असेल, तर आयकरासाठी कराराच्या तारखेची सरकारी किंमत धरता येते. मार्चमध्ये ठरलेल्या सौद्याला हे फार उपयोगी पडतं.

"थोडं वर, थोडं खाली"

काही रक्कम कागदावर आणि काही रोखीत, असा प्रस्ताव येतोच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. घेणाऱ्याचं नुकसान याहून मोठं. रोख दिलेल्या पैशाची पावती नाही, त्यावर बँकेचं कर्ज नाही, आणि उद्या तो स्वतः घर विकेल तेव्हा खरेदीची किंमत कमी दिसून नफा फुगतो. सौदा मोडला तर ते पैसे कोणत्या कागदावर मागणार?

बयाणा म्हणजे विसार

ग्वाल्हेरात ज्याला 'बयाना' म्हणतात तोच आपला विसार किंवा इसार. दलाल पाच-दहा हजारांचं 'टोकन' लगेच मागतो. टोकन देण्याआधी निदान मालकीचा कागद, सगळ्या वारसांची नावं आणि थकबाकी पाहा.

करारात शब्द जपून वापरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा खटल्यात सांगितलं, की व्यवहार पुरा होण्याची हमी म्हणून दिलेला विसार, तशी स्पष्ट अट असेल तर, घेणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडल्यावर जप्त करता येतो. किमतीपोटी नुसती आगाऊ दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही. म्हणून किती रक्कम विसार आणि किती आगाऊ, हे वेगळं लिहा. विकणाऱ्याने मोडलं तर काय, तेही लिहा. बँकेने कर्ज नाकारलं किंवा सर्चमध्ये दोष निघाला तर विसार परत, ही ओळ घेणाऱ्याने सोडू नये. सौदा पुरा करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

राज्य बदललं की शब्द बदलतात

- महाराष्ट्र : साठेखत, खरेदीखत, मालमत्ता पत्रक, फेरफार, रेडी रेकनर.
- मध्य प्रदेश : विक्रय अनुबंध, रजिस्ट्री, खसरा, नामांतरण, कलेक्टर गाइडलाइन. दस्त 'उप पंजीयका'कडे होतो.
- कर्नाटक : खाते उतारा किंवा ई-खाते, बोजा दाखला (तिथे सगळे 'ईसी' म्हणतात), गाइडन्स व्हॅल्यू. नोंदणीचं पोर्टल 'कावेरी'.
- गोवा : इथे समान नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामान्यतः सामाईक धरली जाते. विकताना दोघांचीही सही लागते. एकट्या नवऱ्याशी भाव ठरवून उपयोग नाही.

बेळगावची बहीण 'खाते' म्हणते, पुण्याचा भाऊ 'फेरफार' म्हणतो आणि ग्वाल्हेरचा भाऊ 'नामांतरण' म्हणतो, तेव्हा तिघं बहुतेक एकाच कामाबद्दल बोलत असतात : सरकारी दप्तरात नाव चढवणं. पण नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. मालकी पाहायला दस्त आणि वारसाच लागतो.

पहिला फोन करण्याआधी

दलालाला फोन करण्याआधी एवढं तयार ठेवा : सगळ्या वारसांची यादी, मालकीचे कागद, कराची शेवटची पावती, भाडेकरूचा करार असेल तर तो, गाइडलाइनप्रमाणे काढलेली किंमत आणि कागदावर लिहिलेले तुमचे तीन आकडे. एका स्थानिक वकिलाशी तासभर बसा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते.

आणि घाई करणाऱ्याला एकच उत्तर द्या, "घरच्यांना विचारून सांगतो." दाना ओलीतलं घर दोनशे वर्षांच्या वस्तीत उभं आहे. चार दिवस थांबल्याने त्याचा भाव पडत नाही, पण एका संध्याकाळी घाईत दिलेल्या टोकनामुळे भावाबहिणींचं बोलणं वर्षानुवर्षं बंद पडू शकतं.